नर्मदेच्या पाण्यामागे, कच्छच्या रणापर्यंत

धडगावहून कुठंही जायचं म्हटलं की आधी घाट उतरावा लागतो. तळोद्याकडे निघा, चांदसैली घाट समोर. मोलगीमार्गे अक्कलकुव्याला निघा, तिकडेही चढ-उतार आणि वळणं. त्यामुळे मोटारसायकल ही आमच्याकडे हौसेची वस्तू नाही. शिक्षक शाळेत तिच्यावर जातो, आशाताई पाड्यावर तिच्यावरून पोहोचते, कैऱ्या वाळवून केलेला आमचूर गोणीत बांधून बाजाराला तिच्यावरच येतो. अक्राणी तालुक्यात ज्याच्या घरी दुचाकी नाही, त्याला शेजाऱ्याची दुचाकी पाठ असते.

म्हणून जेव्हा आम्ही सात जणांनी पाच मोटारसायकलींवर कच्छच्या रणापर्यंत जाऊन यायचं ठरवलं, तेव्हा घरच्यांना समजेना की रोज जे करता तेच करायला सुट्टी कशाला हवी. लोक लडाखला जातात, मोठ्या गाड्या घेतात, महागडे जॅकेट घालतात. आमच्यात एक बुलेट होती, बाकी सगळ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या, दूध आणि सिमेंट वाहिलेल्या. मंडळीही तशीच. धडगाव आणि तळोद्याचे दोन दुकानदार, शहाद्याचा एक मेकॅनिक भाई, कॉलेजातली दोन पोरं, बुलेटवाले चाचा आणि आमच्यात सगळ्यात कमी बोलणारे, पावरा समाजातले एक मास्तर. मास्तरांचा आणि आमचा घरोबा जुना आहे. ईदला शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो आणि होळीला ते आम्हाला पाड्यावर बोलावतात.

वाळवंटच का, हे मास्तरांमुळे ठरलं. त्यांच्या आजोबांचं शेत नर्मदेच्या काठी होतं. आता ते सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे. महाराष्ट्रातली ३३ गावं त्या पाण्याने घेतली; त्यातली २४ अक्राणीतली आणि ९ अक्कलकुवा तालुक्यातली. चहा पिताना एकदा मास्तर म्हणाले, "आमचं शेत बुडवून जे पाणी साठवलं, ते म्हणे कच्छला जातं. एकदा बघून यावं, खरंच पोहोचतं का." एवढंच. त्यात ना राग होता ना घोषणा. पण बोलणं आमच्या मनात राहिलं आणि दोन हिवाळे गेल्यावर, जानेवारीत, आम्ही निघालो.

निघण्याआधी घरोघरी पंचायत बसली. कॉलेजातल्या एकाच्या अम्मींनी सरळ सांगितलं, "हेल्मेट नसेल तर चावी माझ्याकडे राहील." आम्हाला त्यांचं पटलं, कारण आकडे त्यांच्याच बाजूचे आहेत. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली जवळजवळ ७५ हजार दुचाकीवरची होती, आणि ५० हजारांहून अधिक जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दरवर्षी पन्नास हजार घरांत एक खुर्ची रिकामी होते. आमच्या वस्तीत मूल दहावीला चांगले गुण मिळवून आलं की मामू किंवा चाचा गाडी घेऊन देतात. हेल्मेट मात्र शोरूमवाला देईल तेच, तेही घरात खिळ्याला टांगलेलं. बक्षीस द्यायचंच तर आधी हेल्मेट द्यावं आणि गाडी मागाहून, असं आमचं स्पष्ट मत आहे. मागे बसणाऱ्या बहिणीला किंवा बायकोला तर हेल्मेट लागतच नाही, असा एक विचित्र समज आहे. कायदा दोघांनाही सारखाच लागू आहे आणि डांबरी रस्ताही दोघांना सारखाच लागतो.

गटाने गाडी चालवण्याचे काही नियम मेकॅनिक भाईंनी घालून दिले. सगळ्यात पुढे रस्ता माहीत असलेला. त्याच्या मागे सगळ्यात हळू गाडी, म्हणजे वेग तिच्या कुवतीने ठरतो. सगळ्यात शेवटी पंक्चरचं सामान बाळगणारा अनुभवी. एकामागे एक सरळ न चालता नागमोडी चालायचं, एक गाडी डाव्या अंगाला तर पुढची उजव्या, मधे तीन सेकंदांचं अंतर. वळणावर मात्र ही रचना मोडून एकेरी रांग करायची. दर पन्नास किलोमीटरला थांबायचं. आणि गाडी चालवताना रील काढणाऱ्याचा मोबाईल चाचांच्या पिशवीत जमा. हा शेवटचा नियम पाळायला पोरांना जड गेला, पण पाळला.

पहाटे फजर पढून चांदसैली घाट उतरायला लागलो. धुकं होतं. या घाटाचं सौंदर्य सांगणारे पुष्कळ भेटतात. पावसाळ्यात इथे दरड कोसळली की काय होतं, ते इथले लोकच सांगतात. सप्टेंबर २०२१ मध्ये दरड पडून रस्ता बंद झाला, तेव्हा चांदसैलीच्या एका माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेऊन दवाखान्याची वाट धरली. ती वाटेतच गेली. वर्तमानपत्रात दोन दिवस बातमी होती. आम्ही त्या वळणापाशी हळू झालो, थांबलो नाही. मास्तरांनी फक्त हॉर्न एकदा दाबला, घाटात सगळेच दाबतात तसा.

घाट संपला की तळोद्याचं सपाट रान लागतं. नर्मदेकाठच्या बुडालेल्या गावांतली पुष्कळ कुटुंबं इथे वसवली गेली. सोमावल, नर्मदानगर, रोझवा ही पुनर्वसनाची गावं याच भागातली. रोझव्याला मास्तरांच्या मावशीकडे चहा झाला. अंगणात कोंबड्या, भिंतीला टेकलेली मोटारसायकल, शेतात कापसाच्या पऱ्हाट्या. मावशी म्हणाली, जमीन मिळाली, पण नदी मिळाली नाही. मासे, वाळूतल्या काकड्या-टरबुजं, नदीवरची जत्रा, हे सात-बारावर लिहून मिळत नाही.

अक्कलकुव्यात मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवींनी उभारलेल्या जामियाच्या परिसरात जोहर पढलो. आदिवासी तालुक्याच्या या टोकाला देशभरातून शिकायला आलेली मुलं पाहून आमच्या पोरांना नवल वाटलं. मदरशाबरोबर इथे आयटीआय, फार्मसी, इंजिनिअरिंगसुद्धा आहे. प्रवासात चार रकअतींच्या नमाजेच्या दोनच होतात, हे पोरांनी ऐकलं होतं, केलं पहिल्यांदाच. "मगरिबच्या तीन तीनच राहतात," चाचांनी लगेच सांगून टाकलं, म्हणजे उत्साहात कुणी तिथेही सूट घेऊ नये.

सागबारा, डेडियापाडा, राजपीपळा. सातपुड्याचीच ही गुजरातेतली बाजू. भाषा बदलते, पण बाजारात भेटणारी माणसं, डोक्यावरचे भारे, सागाची रानं तीच. संध्याकाळी केवडियाला पोहोचलो, आता त्याला एकता नगर म्हणतात. ३१ ऑक्टोबर २०१८ ला उघडलेला १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा दुरूनच दिसतो. गर्दी पुतळ्याकडे होती. मास्तर धरणाकडे पाहत उभे राहिले.

या धरणाची पायाभरणी ५ एप्रिल १९६१ ला पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. कुणाला किती पाणी, हा तंटा लवादाकडे गेला आणि १९७९ मध्ये निवाडा लागला: मध्य प्रदेशला १८.२५ दशलक्ष एकर-फूट, गुजरातला ९, राजस्थानला अर्धा आणि महाराष्ट्राला पाव. विजेत मात्र महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. आंदोलनं झाली, खटले झाले, मणिबेलीपासून एकेक गाव पाण्यात गेलं. २०१७ मध्ये दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात जलाशय पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला भरला. आम्ही धडगावचे, आम्हाला धरणाची ओळख पुरवणीसारखी नाही. आमच्याकडे ती पाणी चढलेल्या पायऱ्यांवरून मोजली जाते. नर्मदेकाठच्या मुलांसाठी आंदोलनाने काढलेल्या जीवनशाळांत शिकलेले तरुण आज आमच्या बाजारात दुकानं चालवतात, शिक्षक आहेत. धरण पाहायला आलेल्या कुणाला हे सांगावं, असं वाटलं होतं. पण सगळे फोटोत गुंतलेले.

तिथून निघतो तो मुख्य कालवा. ४५८ किलोमीटर लांब, थेट राजस्थानच्या हद्दीपर्यंत. तोंडाशी सेकंदाला ४० हजार घनफूट पाणी वाहून नेण्याची त्याची क्षमता. दुसऱ्या दिवशी वडोदऱ्यापुढे त्याच्या पुलावर थांबलो. आम्ही नदी पाहत वाढलो, पण इतकं सरळ, इतकं गप्प पाणी कधी पाहिलं नव्हतं. ना दगड, ना भोवरा, ना काठावर कपडे धुणारी बाई. मेकॅनिक भाई म्हणाले, "हे पाणी ड्यूटीवर आहे."

अहमदाबादची रहदारी बाहेरून टाळून विरमगाम आणि पुढे पाटडी, खारघोडा. इथून कच्छचं छोटं रण सुरू होतं. घाटातल्या वळणांची सवय असलेल्या माणसाला सरळ रस्ता आधी सोपा वाटतो, मग अवघड. डोळ्याला थांबायला काही नसतं. झोप येते. वाऱ्याचा झोत बाजूने लागतो आणि हलकी गाडी हातभर सरकते. म्हणून इथे पन्नासऐवजी दर तीस किलोमीटरला थांबलो, चहा नसला तरी उतरून चाललो.

याच रणात भारतातला शेवटचा रानटी गाढवांचा, म्हणजे घुडखरांचा कळप आहे. जवळजवळ ४,९५३ चौरस किलोमीटरचं अभयारण्य त्यांच्यासाठी राखलं आहे. लालसर पाठ, पांढरं पोट, मधे मानेपासून शेपटीपर्यंत गडद पट्टा. आमच्या गाड्यांच्या आवाजाने ते थोडे पळाले आणि मग उभे राहून आमच्याकडेच पाहू लागले. बुलेटवाल्या चाचांना इंजिन बंद करायला सांगितलं, तेव्हा कुठे त्यांचं चरणं सुरू झालं.

आणि तिथेच मीठ पिकवणारे आगरिया. पाऊस ओसरल्यावर हे लोक कुटुंबासह रणात उतरतात, जमिनीखालचं खारं पाणी पंपाने उपसून पाट्यांत भरतात आणि उन्हाळ्यापर्यंत मिठाचे खडे पोसतात. पूर्वी डिझेल पंपांत कमाई जळायची, आता पुष्कळांनी सौर पंप बसवले आहेत. पायांना मीठ इतकं मुरतं की चामडी लाकडासारखी होते. एका आगरिया बाईने भाभी असती तर तिच्याशी बोलले असते, म्हणून आमच्याकडे बाई नाही याचंच वाईट वाटून घेतलं. तिचा नवरा मात्र मोकळेपणी बोलला. त्याचं दुःख ऐकून आम्ही एकमेकांकडे पाहिलं: कालव्याचं जादा गोडं पाणी कधी कधी रणात शिरतं आणि तयार होत आलेलं मीठ विरघळून जातं. सहा महिन्यांची मेहनत एका रात्रीत. "तुमच्या नर्मदा मैयाचं पाणी," तो गुजरातीत म्हणाला. मास्तर म्हणाले, "तिने आमचंही शेत नेलं." मग दोघं बराच वेळ पाट्याच्या कडेला बसून राहिले. आम्ही मधे बोललो नाही.

सुरजबारीचा पूल ओलांडला की कच्छ. भुजेत पोहोचेपर्यंत साखळ्यांना मिठाचा थर बसला होता. हा मुद्दा जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावा: खारी हवा साखळी आणि ब्रेकच्या तारा खाते, रोज रात्री पुसून तेल द्यावं लागतं आणि परत आल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुवावी लागते.

भुजेच्या पूर्वेला अजरखपूर आहे. या गावाची गोष्ट आम्हाला आमच्या प्रवासाला इतकी जुळणारी वाटली, की अर्धा दिवस तिथेच गेला. सोळाव्या शतकात कच्छच्या राव भारमलांनी सिंधमधून खत्री कारागिरांना बोलावलं. त्यांनी धमडका गाव निवडलं ते नदीच्या पाण्यासाठी, कारण अजरख म्हणजे पुन्हा पुन्हा धुणं. कापड आधी हिरड्यात भिजवतात, मग लाकडी ठशांनी छापतात, मंजिष्ठात उकळतात, निळीत बुडवतात, मधे मधे वाहत्या पाण्यात धुतात. पुढे नदी आटली. मग २६ जानेवारी २००१ चा भूकंप आला, त्यात धमडक्याची घरं पडलीच, शिवाय पाण्यात लोह इतकं वाढलं की रंग बिघडू लागला. तेव्हा खत्री कुटुंबांनी चांगलं पाणी शोधून नवं गाव वसवलं, तेच अजरखपूर. इथले डॉ. इस्माईल मोहम्मद खत्री यांना २००३ मध्ये इंग्लंडच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठाने मानद डॉक्टरेट दिली. शाळेत फारसं न शिकलेला माणूस रंगाच्या विद्येसाठी डॉक्टर होतो, हे आमच्या पोरांना आम्ही दोनदा सांगितलं. तिथल्या एका कारखान्यात आम्ही धडगावचा आमचूर भेट दिला. कारागिराने चाखून पाहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हिरडाही तुमच्याकडचाच असतो का?" आमच्या रानात हिरडा आहेच. पुढच्या खेपेला गोणी आणायचं कबूल करून आलो.

भुजेहून उत्तरेला बन्नी. जवळजवळ अडीच हजार चौरस किलोमीटरचं गवताळ रान, आणि त्यात जत, मुतवा, हालेपोत्रा, रायसीपोत्रा अशा मुस्लिम मालधारी जमाती. यांच्या बन्नी म्हशीला २०१० मध्ये स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. त्या रात्री चरतात आणि पहाटे आपल्या पायाने घरी येतात. १९६१ च्या सुमारास क्षार रोखायला म्हणून वनखात्याने ३१ हजार हेक्टरांवर विलायती बाभूळ लावली. ती इतकी फोफावली की गवतच गिळू लागली. लोक तिला 'गांडो बावळ', म्हणजे वेडी बाभूळ म्हणतात. गोल भिंतींचे, वर शंकूसारखं छप्पर असलेले भुंगे मात्र २००१ च्या हादऱ्यातही उभे राहिले. एका भुंग्यात आम्हाला दस्तरखानावर बाजरीची भाकरी, लोणी आणि म्हशीचं दूध मिळालं. पैसे काढले तर यजमान रागावला. त्याच्या अम्मीने आतून आरसेकामाचा एक तुकडा पाठवला, आमच्या घरच्या बायकांसाठी. हेल्मेटवाल्या अम्मींना तो मिळाला.

खावड्याच्या पुढे खडीर बेटाकडे जाणारा नवा रस्ता थेट रणातून जातो. सुमारे तीस किलोमीटर दोन्ही बाजूंना पांढरं मीठ. पोरांना मिठावर गाडी उतरवायची होती. मेकॅनिक भाईंनी काठी रोवून दाखवली: वरची पापडी दोन बोटं, खाली काळा चिखल. गाडी रुतली तर क्रेनही येत नाही. रस्त्यावरूनच गेलो, आणि तेवढंही पुष्कळ होतं.

असरची वेळ झाली तेव्हा वुजूपुरतं पाणी नव्हतं. पिण्याचं होतं, ते राखायचं होतं. वाहत्या नदीकाठीही पाणी जपून वापरावं, ही शिकवण आम्ही लहानपणापासून ऐकतो. नर्मदा, तापी जवळ असणाऱ्यांना ती ऐकायला सोपी आणि विसरायलाही सोपी. त्या दिवशी रस्त्याकडेच्या कोरड्या मातीवर तयम्मुम केला. किबला शोधायला मोबाईलला रेंज नव्हती. चाचा म्हणाले, जानेवारीत सूर्य दक्षिणेला कलून मावळतो, तेव्हा सूर्याच्या जरा उजवीकडे तोंड करा. मास्तर गाड्यांपाशी उभे राहिले, वाऱ्याने हेल्मेटं उडू नयेत म्हणून धरून.

या रणाच्या वायव्येला, आता सीमेपलीकडे, 'अल्लाह बंद' आहे. १६ जून १८१९ च्या भूकंपात जमीन मैलोन्‌मैल उचलली गेली आणि सिंधूच्या एका फाट्याची वाट अडली. माणसाने न बांधलेला बांध म्हणून लोकांनी त्याला ते नाव दिलं. पाणी तुटलं, भातशेती गेली, लखपतसारखं गजबजलेलं बंदर ओस पडलं. आणि धोळाविऱ्याला तर त्याच्याही कित्येक हजार वर्षं आधी लोकांनी पावसाचं पाणी अडवायला दगडात कोरलेले, बांधलेले भलेमोठे हौद आहेत. २०२१ मध्ये युनेस्कोने या हडप्पाकालीन नगराला जागतिक वारसा म्हटलं. हौदाच्या काठावर मास्तर पायऱ्या मोजत होते. किती भरल्या ते विचारलं नाही.

परतीला रापरचा रस्ता धरला, कारण कच्छ शाखा कालवा त्या तालुक्यातून जातो. पुढे तो भचाऊ, अंजार, मुंद्रा करत मांडवी तालुक्यातल्या मोडकुब्यापर्यंत नेला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचं उद्‌घाटन झालं. महाराष्ट्राच्या वाट्याचं पाव दशलक्ष एकर-फूट, म्हणजे जेमतेम ११ टीएमसी पाणी सातपुड्यातून बोगद्याने तापी खोऱ्यात आणायची चर्चा आम्ही कित्येक वर्षं ऐकतो आहोत. कच्छला मात्र पाणी पोहोचलं आहे. एका पुलावर थांबलो. दोन्ही बाजूंना जिऱ्याची आणि एरंडाची शेतं, हिरवी. मास्तर खाली उतरले, कालव्याच्या उतारावर जपून बसले आणि हात बुडवला.

एक शेतकरी मोटारसायकलवरून आला, आमच्यासारखीच जुनी गाडी, मागे दुधाची कॅन. अनोळखी पाच गाड्या पाहून थांबला. कुठले, असं विचारलं. चाचांनी धडगाव सांगितलं, त्याला कळलं नाही. मग मास्तर म्हणाले, "हे पाणी जिथे साठतं ना, तिथले."

शेतकऱ्याने एकदा कालव्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. पूर्वी बाई-माणसं किती लांबून पाणी आणायची, ते सांगू लागला. मग मधेच थांबून विचारलं, "तुमच्याकडे यंदा पाऊस बरा झाला ना?"

"झाला," मास्तर म्हणाले.

त्याने कॅनमधून सगळ्यांना दूध ओतून दिलं. आम्ही घर सोडल्याला सहावा दिवस होता आणि अजून अर्धा रस्ता बाकी होता, म्हणून गाड्या लवकर सुरू केल्या.